बाइक मॉडिफाय करताना: आधी आरसी, मग पाना

बाइकमध्ये बदल करून चलान ओढवून घेणाऱ्यांची चूक बहुतेक वेळा कामाच्या क्रमात असते. आधी ऑनलाइन पार्ट मागवले जातात, मग गॅरेजवाल्याला विचारलं जातं, मग ते बसतात, आणि कायदा काय म्हणतो हे सिग्नलवर थांबवल्यावर कळतं. इथे तो क्रम उलटा लावला आहे. उदाहरणासाठी २०२१ नंतरची, जे-सिरीज इंजिनची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० धरली आहे, कारण सर्वाधिक हात तिलाच लागतात. पद्धत मात्र कुठल्याही मोटरसायकलला लागू पडते.

टप्पा १ : आरसी समोर ठेवा

आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) किंवा डिजिलॉकरमधली तिची प्रत उघडा आणि एका कागदावर उतरवून काढा: चासी नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार, इंधन, सीसी, आसनक्षमता, रिकाम्या गाडीचं वजन, व्हीलबेस, रंग, उत्सर्जनाचं मानक.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ चा गाभा या यादीत आहे. कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलांशी आरसीतली नोंद विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. कलमात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्यामुळे तिचं मूळ स्वरूपच बदलतं. म्हणून सीट कव्हर बदलणं आणि मागची फ्रेम कापून रेसिंग ढंगाची ‘कॅफे रेसर’ करणं या दोन गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत.

दंडाचं गणितही आत्ताच समजून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज, प्रदूषण आणि रस्तासुरक्षेच्या मानकांचा भंग झाला तर कलम १९०(२) लागतं. त्यात पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, शिवाय लायसन्स तीन महिन्यांसाठी जातं.

टप्पा २ : हव्या असलेल्या बदलांचे तीन ढीग करा

मनातला प्रत्येक बदल लिहा आणि खालीलपैकी एका ढिगात टाका.

पहिला ढीग, न विचारता करता येण्यासारखं: ग्रिप, त्याच मापाची सीट, टाकीचे पॅड, यूएसबी चार्जर, मोबाइल होल्डर, सॅडल स्टे (बाजूची बॅग चाकाला लागू न देणारी चौकट), छोटी विंडस्क्रीन, मागचं नीट दाखवणारे दुसरे आरसे, कंपनीने ठरवलेल्या मापाचे दुसऱ्या ब्रँडचे टायर.

दुसरा ढीग, आधी आरटीओची परवानगी आणि मग काम: रंग बदलणं, त्याच प्रकारचं दुसरं इंजिन बसवणं, दिव्यांग चालकासाठी गाडीत फेरफार.

तिसरा ढीग, करूच नये: फ्रेम कापणं किंवा वेल्डिंग करून लांबवणं, जास्त सीसीचं इंजिन, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढणं, कर्कश सायलेन्सर, एकामागून एक सूर काढणारा हॉर्न, पुढे लाल किंवा मागे पांढरा-निळा लुकलुकणारा दिवा, चाकाच्या मापात मोठा फरक.

सावधान: एकच सीट ठेवून मागची काढून टाकण्याची फॅशन जोरात आहे. आरसीत आसनक्षमता २ लिहिली असेल तर मागची सीट, फूटरेस्ट, धरायची दांडी आणि साडीगार्ड ही सगळी जागेवर हवीत. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२३ त्यासाठीच आहे. मागे बसलेल्याला धरायला पकड हवी, पाय टेकायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. ‘दिसायला बोजड’ म्हणून साडीगार्ड काढणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की ओढणी किंवा पदर स्पोकमध्ये गुंतला तर सावरायला क्षणाचाही वेळ मिळत नाही. हा भाग कायद्यात नसता तरी ठेवायला हवा होता.

टप्पा ३ : परवानगी, कर्ज, विमा

रंग बदलायचा असेल तर टाकी रंगाऱ्याकडे नेण्याआधी परिवहन पोर्टलवर वाहनातील बदलासाठी अर्ज करा आणि आपल्या आरटीओची मान्यता हातात घ्या. काम झाल्यावर १४ दिवसांच्या आत कळवून आरसीत नवा रंग चढवून घ्यावा लागतो. गाडी तपासणीला न्यावी लागते, त्यामुळे रंगाऱ्याचं बिल आणि आधीचे-नंतरचे फोटो जपून ठेवा. पूर्ण गाडीवर रॅप (रंगीत चिकट फिल्म) चढवणं हाही दिसणारा रंग बदलणंच आहे. रॅप सोलून काढता येतो म्हणून चालेल, ही समजूत चुकीची आहे, कारण पोलीस आरसीतला रंग आणि समोर दिसणारा रंग ताडून पाहतात.

सावधान: ऑलिव्ह ग्रीन रंगाचा अर्ज करू नका. नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. कंपनीने स्वतः दिलेल्या हिरव्या छटा वेगळ्या असतात आणि आरसीत त्यांची नोंद त्या-त्या नावाने असते.

गाडीवर कर्ज असेल तर बँकेची किंवा फायनान्स कंपनीची लेखी संमती आधी घ्या. विमा कंपनीलाही कळवा. पॉलिसीत इलेक्ट्रिकल आणि इतर ॲक्सेसरीजची किंमत वेगळी दाखवता येते, त्यासाठी थोडा जास्त प्रीमियम भरून पॉलिसीवर तशी नोंद करून मिळते. न कळवलेल्या बदलांचं बिल दाव्यात कापलं जातं. अपघाताचं कारण तो बदलच ठरला तर अख्खा दावा अडकू शकतो.

टप्पा ४ : मूळ अवस्था नोंदवा

पाना हातात घेण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी, वायरिंगच्या प्रत्येक कपलरचे आणि केबल कुठून कुठे जातात त्याचे फोटो काढा. मल्टीमीटरने बॅटरीचा व्होल्टेज मोजून लिहून ठेवा. रात्रभर उभ्या, पूर्ण चार्ज बॅटरीवर साधारण १२.६ आणि इंजिन थोडं रेस केल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. हे आकडे आधीच कमी असतील तर एकही जादा दिवा लावू नका, आधी चार्जिंग दुरुस्त करा.

काढलेला प्रत्येक मूळ भाग त्याच्या नटबोल्टसह वेगळ्या पिशवीत, वर नाव लिहून ठेवा. गाडी विकताना, वॉरंटीसाठी किंवा आरटीओने मूळ स्थितीत आणायला सांगितल्यावर हेच भाग लागतात.

हत्यारं: पाना-सॉकेट संच, ॲलन की, ५ ते २५ आणि २० ते १०० न्यूटन-मीटर असे दोन टॉर्क रेंच, मल्टीमीटर, क्रिम्पिंग प्लायर (वायरवर टर्मिनल दाबून बसवायला), हीटश्रिंक नळी (गरम केल्यावर वायरवर आवळणारी), निळं लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारं द्रव्य). एम६ बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. गॅरेजमध्ये तो हाताच्या अंदाजाने पिळला जातो आणि ॲल्युमिनियमचे आटे जातात. हँडल, ब्रेक आणि ॲक्सल यांचे आकडे मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाज करू नका.

टप्पा ५ : आधी टायर आणि हँडल

यांत्रिक कामं वायरिंगच्या आधी करावीत. हँडलची उंची बदलली की वायरची लांबीही बदलते, आणि वायरिंग आधी केलं असेल तर ते पुन्हा उसवावं लागतं.

*टायर.* क्लासिकला पुढे १००/९०-१९ आणि मागे १२०/८०-१८ हे माप आहे. ब्रँड आणि नक्षी बदला, माप बदलू नका. लोड इंडेक्सचा (टायरला झेपणाऱ्या वजनाचा) आकडा आणि स्पीड रेटिंगचं (झेपणाऱ्या वेगाचं) अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं नको. ‘एक नंबर जाड’ म्हणून मागे १३०/८०-१८ घालणाऱ्यांनी हिशोब करावा: टायरची भिंत ९६ वरून १०४ मिलिमीटर होते आणि चाकाचा व्यास सुमारे ६४९ वरून ६६५ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ अडीच टक्क्यांनी वाढतो. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) पुढच्या-मागच्या चाकांचा वेग सतत ताडून पाहत असतं, आणि त्याची मांडणी मूळ व्यासावर केलेली असते. शिवाय मूळ रिमवर जाड टायर चिमटल्यासारखा बसतो आणि मधला पट्टाच झिजतो, म्हणजे वळणावर पकड वाढण्याऐवजी घटते.

*हँडल.* शक्यतो कंपनीच्या ॲक्सेसरी यादीतलंच घ्या. त्याची उंची मूळ केबल आणि ब्रेक होजला झेपेल अशी असते. बाहेरचं उंच हँडल घेतलं की क्लच केबल, थ्रॉटल केबल आणि ब्रेक होज तिन्ही ताणले जातात. एबीएस असलेल्या गाडीचा होज बदलायचा तर बँजो बोल्टला (होज जोडणाऱ्या पोकळ बोल्टला) नवे वॉशर, योग्य ब्रेक ऑइल आणि नीट ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) लागतं. हे काम घरी करण्यासारखं नाही.

तपासा: पुढचं चाक हवेत ठेवून इंजिन चालू करा आणि हँडल डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत फिरवा. आयडल (थ्रॉटल न देता इंजिन फिरण्याचा वेग) जराही वाढला तर थ्रॉटल केबल ताणली जाते आहे. कुठल्याही कोनात थ्रॉटल सोडल्यावर मूठ स्वतःहून झटकन परत यायला हवी. ब्रेक होज कुठेच ताठ होता कामा नये. क्लचच्या दांडीला २-३ मिलिमीटर मोकळी चाल ठेवा.

आरशांचं थोडक्यात: बार-एंड आरसे चालतात, पण सीटवर बसल्यावर त्यात स्वतःचं कोपर नव्हे तर मागची लेन दिसली पाहिजे. आरसे काढून टाकणं नियमबाह्य आहे.

टप्पा ६ : वायरिंग

सर्वाधिक गाड्या बिघडतात त्या इथे, आणि आगही इथेच लागते. कारण जवळपास नेहमी एकच: मूळ हार्नेस (गाडीच्या वायरचा जुडगा) कापून त्यातच जादा लोड जोडलेला असतो. हार्नेस कापला की वॉरंटीचा दावाही गेला.

फॉग लॅम्पचं उदाहरण घेऊ. २० वॅटचे दोन दिवे म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर सुमारे ३.३ अँपिअर. दीडपट धरून ५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर १.५ चौरस मिलिमीटरची घ्या.

१. सीट काढा, बॅटरीचा आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह सोडवा.

२. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वितीच्या आत फ्यूज बसवा. तो दूर असेल तर मधली वायर घासून शॉर्ट झाल्यावर फ्यूज काहीच वाचवत नाही.

३. फ्यूजमधून आलेली वायर रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) ३० नंबरला जोडा, ८७ नंबरमधून दिव्यांना पॉझिटिव्ह द्या.

४. ८५ नंबर अर्थला द्या. ८६ नंबरला चावी चालू केल्यावरच करंट येणाऱ्या वायरमधून, म्हणजे उदाहरणार्थ पार्किंग दिव्याच्या वायरमधून, हँडलवरच्या स्विचमार्गे सिग्नल द्या. त्यामुळे चावी बंद केली की दिवे आपोआप बंद होतात आणि बॅटरी उतरत नाही.

५. दिव्यांची अर्थ वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हला आणा. रंगवलेल्या फ्रेमवर बोल्ट मारून घेतलेली अर्थ पहिल्या पावसाळ्यात गंजते आणि दिवे मिचमिचू लागतात.

६. जोडणीसाठी गाडीच्या कपलरला बसणारे तयार कपलर वापरा. चिमटा मारून जोडायचे स्वस्त निळे कनेक्टर वायरचे तंतू तोडतात. इन्सुलेशन टेप उन्हात चिकट होऊन सुटते, म्हणून हीटश्रिंक लावा.

७. वायर हँडलच्या वळणाजवळ सैल सोडा आणि सायलेन्सर व इंजिनच्या डोक्यापासून दूर बांधा. शेवटी बॅटरीचा आधी पॉझिटिव्ह, मग निगेटिव्ह जोडा.

यूएसबी चार्जरही असाच चावीनंतरच्या करंटवर, २ किंवा ३ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजने घ्या.

तपासा: इंजिन आयडलवर, सगळे दिवे चालू, बॅटरीवर मीटर. १३ व्होल्टच्या खाली आकडा गेला तर लोड जास्त झाला. दहा मिनिटांनी रिले, फ्यूज आणि प्रत्येक जोड हाताने चाचपा. कुठलाही जोड चटका देण्याइतका गरम असेल तर क्रिम्प सैल आहे.

टप्पा ७ : दिवे

नियम १०६ हेडलाइटबाबत स्पष्ट माप देतो: दिव्याच्या ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या टोकापासून अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवणारा नसावा. हे घरी तपासता येतं. मित्राला त्या जागेवर उभं करा, तुम्ही सीटवर बसा, डिपर (खाली झुकलेला झोत) लावा. त्याला तोंड फिरवावं लागलं तर दिवा खाली करा. भिंतीवरची चाचणी याहून नेमकी: ५ मीटरवरून डिपरच्या झोताची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली यावी.

हॅलोजन हेडलाइट असलेल्या क्लासिकला ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब येतो. १००/९० वॅटचा टाकला की होल्डर वितळतो आणि डूम (दिव्यातला परावर्तक) काळा पडतो. एच४ च्या डूममध्ये एलईडी बल्ब घातला तर प्रकाशाचा उगम जागेवरून हलतो आणि झोत पसरतो. रस्ता पूर्वीपेक्षा कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. घाटात समोरून ट्रक येत असताना हा दोष जिवावर बेततो.

फॉग लॅम्प दोनच, हेडलाइटच्या खाली, पांढरे किंवा पिवळे, झोत खाली झुकलेला. शहरात बंद ठेवा. लांब एलईडी बार आणि स्ट्रोब लावूच नका.

इंडिकेटर एलईडी केले की ते भराभर लुकलुकू लागतात, कारण मूळ फ्लॅशरला बल्ब गेल्यासारखं वाटतं. रेझिस्टर लावण्यापेक्षा एलईडीचा फ्लॅशर रिले घ्या. रेझिस्टर तापतो आणि जवळचं प्लास्टिक वितळवतो. रंग पिवळाच, मिनिटाला ६० ते १२० वेळा. सेकंदकाटा लावून मोजा.

टप्पा ८ : सायलेन्सर

या टप्प्यात काम असं नाहीच: मूळ सायलेन्सर राहू द्या. नव्या गाडीला मंजुरी देताना चालत्या गाडीच्या आवाजाची मर्यादा ८० सीसीपर्यंत ७५, ८० ते १७५ सीसीला ७७ आणि १७५ सीसीच्या वर ८० डेसिबल अशी आहे. बाजारातल्या सायलेन्सरला असं प्रमाणपत्र तुमच्या मॉडेलसाठी क्वचितच असतं. युरोपचा ई-मार्क म्हणजे पुण्याच्या एआरएआयसारख्या इथल्या चाचणी संस्थेची मंजुरी नव्हे. ‘आत डीबी किलर (आवाज दाबणारा सुटा भाग) आहे’ हे दुकानदाराचं वाक्य रस्त्यावर कामाचं नाही, कारण तो एका बोल्टवर निघतो हे पोलिसांनाही माहीत आहे. राज्यातल्या कित्येक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली गेले आहेत.

बीएस६ (सध्याचं उत्सर्जन मानक) गाडीत आणखी एक अडचण आहे. बेंडपाइप (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारी नळी) बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला की पीयूसी नापास होते, आणि ऑक्सिजन सेन्सरचं गणित बिघडून मिश्रण चुकतं. वेगळं रूप हवंच असेल तर कंपनीचं हीट शील्ड किंवा एंड कॅप घ्या.

टप्पा ९ : नंबरप्लेट आणि मागची बाजू

मागचं लांब मडगार्ड काढून टेल टायडी (प्लेट आणि दिव्यांसाठीचं आखूड ब्रॅकेट) लावताना सगळे चुकतात ते इथे. हाय सिक्युरिटी प्लेट एकदाच बसणाऱ्या स्नॅप लॉकने जोडलेली असते. ती काढायची म्हणजे लॉक तोडणं, आणि तुटलेल्या लॉकऐवजी साधा बोल्ट चालत नाही. म्हणून आधी अधिकृत प्लेट बसवणाऱ्या केंद्राकडून पुन्हा लॉक करून मिळेल का ते विचारा, मगच मडगार्डला हात लावा.

जागा निवडताना चार गोष्टी पाहा: मागची २०० बाय १०० मिलिमीटरची प्लेट पूर्ण दिसते का, ती आडवी किंवा वर वळलेली नाही ना, तिच्यावर पांढरा दिवा पडतो का, आणि लाल रिफ्लेक्टर शिल्लक आहे का. टेल टायडीच्या किटमध्ये रिफ्लेक्टर बहुतेक वेळा नसतोच, तो वेगळा आणून लावा. ‘दादा’, ‘बॉस’ वाचलं जावं म्हणून वळवलेले आकडे, जातीचं नाव, काळी काच यांतलं काहीही प्लेटवर नको. टॉप बॉक्स किंवा रॅक लावलात तर दहा पावलं मागे जाऊन टेल लॅम्प, दोन्ही इंडिकेटर आणि प्लेट दिसतात का ते बघा.

टप्पा १० : चाचणी आणि फाइल

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, ताशी ४० च्या आत. दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून पाहा, एबीएसचा दिवा गाडी हलल्यावर विझतो का ते बघा. १०० ते २०० किलोमीटरनंतर हँडल क्लॅम्प, आरसे, रॅक आणि दिव्यांचे ब्रॅकेट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा. लांब स्ट्रोकच्या सिंगल सिलिंडरची थरथर बोल्ट सैल करते.

एका फाइलमध्ये, आणि फोनमध्येही, ठेवा: प्रत्येक पार्टचं जीएसटी बिल, आरटीओची मान्यता आणि नवी आरसी, विम्यावरची नोंद, ताजी पीयूसी, आधीचे-नंतरचे फोटो. नुसतं बिल म्हणजे परवानगी नाही, पण पार्ट कंपनीचा अधिकृत आहे हे त्यातून दाखवता येतं. थांबवल्यावर वाद घालण्याऐवजी ही फाइल उघडा. चलान चुकीचं वाटलं तर ते ऑनलाइन तक्रारीत किंवा न्यायालयात याच कागदांवर लढवता येतं.

मान्सूनच्या आधी मेमध्ये एकदा सीट काढून सगळे कपलर उघडा, हिरवट गंज दिसला तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. त्याच दिवशी पीयूसी आणि विम्याची तारीखही पाहून घ्या.